सदतीस नंबरचं तिकीट

१

शनिवारी सकाळी सव्वानऊला माधुरीचा फोन आला, आणि ती रडत होती. माधुरी इंगळे रडणाऱ्यांतली नव्हे. तिचं प्रमोशन दोनदा अडलं, तेव्हाही तिने कॅन्टीनमध्ये बसून शांतपणे मिसळ खाल्ली होती. म्हणून मी आधी गॅस बंद केला.

"बाई, कार्डं गेली."

"कसली गं? एटीएमची?"

"साळवे सरांची! मुलाखतींची! दुपारी तीनला समिती येतेय आणि खण उघडला तर कितीतरी कार्डं गायब!"

"रडू नको. कोणाला कशाला हात लावू देऊ नको. मी रिक्षाने निघाले."

माझं नाव वनमाला परुळेकर. वय एकाहत्तर, राहणार मुलुंड पूर्व. घाटकोपरच्या एका बी.एड. कॉलेजात मी तेहेतीस वर्षं ग्रंथपाल होते. शर्टात पुस्तक खुपसून निघालेले भावी मुख्याध्यापक मी दारातच धरलेत. चोर ओळखायची मला सवय आहे, आणि खोटं कशाला सांगू, अकरा वर्षांच्या निवृत्तीत त्या सवयीला गंज चढत होता. रिक्षात बसताना काळजी होती तितकीच हुशारीही वाटत होती.

ही कार्डं साधी नव्हती. गिरण्यांच्या संपानंतर माणसं परळ-लालबाग सोडून उपनगरांत पांगली, आणि त्यांच्या रात्रशाळा सुटल्या. शाळा कोणी सोडली, का सोडली, हे विचारत आमच्या कॉलेजातले कुंडलिक साळवे सर चौऱ्याऐंशी साली घाटकोपर-विक्रोळीच्या चाळीचाळींतून फिरले. दोनशे बारा मुलाखती. लिहायला कागद नव्हता म्हणून लायब्ररीची कोरी कॅटलॉग कार्डं मीच त्यांना दिली होती. माधुरी सरांच्या शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवते. त्याच माणसांच्या नातवंडांना भेटून पुढचा अभ्यास करायचा, म्हणून तिने संशोधन अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला होता. हे अनुदान मिळालं की पीएच.डी.ची मार्गदर्शक म्हणून तिला विद्यापीठाची मान्यता मिळणार होती. समितीची अट एकच: मूळ कार्डं डोळ्यांनी बघू. ती नसतील तर प्रस्ताव बाद, आणि वर "मुलाखती बनावट" असा शिक्का. वीस वर्षांच्या मेहनतीची वाट लागली असती.

२

लायब्ररीत पाऊल ठेवलं आणि तो वास आला. जुना डिंक, डांबरगोळ्या, पावसाळे खाल्लेला कागद. क्षणभर वाटलं, अजून घंटा होईल आणि पोरी अभ्यासक्रमाची पुस्तकं मागत खिडकीशी भांडतील. आता खिडकीला काच बसवलीय आणि पोरी मोबाईलवर वाचतात. वाचू देत. पण भांडण गेलं, त्याचं वाईट वाटतं.

अंबादास शिपायाने चहा आणला. मी कप मोठ्या वाचन-टेबलावर ठेवला आणि सवयीने बशी धरून बसले, कारण ते टेबल माझ्या उमेदीपासून डुगडुगतं. आज हललं नाही. बरं झालं, म्हटलं, आणि चहा प्याले.

कोपऱ्यात कॅटलॉगचं सागवानी कपाट उभं होतं. त्याच्या खालच्या दोन खणांत सरांची कार्डं. अशा खणात प्रत्येक कार्डाला तळाशी भोक असतं आणि सगळ्या कार्डांतून एक पितळी सळी जाते. कोणी कार्ड उपटून नेऊ नये म्हणून. सळी काढायची तर तिच्या टोकाचं गोल बोंडूक उलटं फिरवावं लागतं, आणि परत बसवताना हलकं दाबून.

मी दोन्ही खण ओढले. सळ्या जागच्या जागी, बोंडकं घट्ट.

"एकही कार्ड फाटलेलं नाही," मी म्हणाले. "चोराने सळी काढली, हवी ती कार्डं घेतली, सळी परत बसवली. चोर आपल्यातला आहे गं बाई."

"आपल्यातला म्हणजे?" माधुरीचा चेहरा पांढराफटक.

"बुधवारी तू बघितलीस तेव्हा होती ना? मग काल-परवा इथे कोण कोण होतं, ते सांग."

३

पहिला आला शौनक कर्णिक. तिशीचा, हुशार, दाढी कोरलेली. कॉलेजला एकच प्रस्ताव पाठवता येणार होता, आणि शौनकचा मागे ठेवून माधुरीचा पाठवला गेला होता. स्टाफरूममध्ये तो म्हणाला होता म्हणे, "ही जुनी कार्डंबिर्डं कोण बघतं आता!"

"म्हणालो मी," त्याने लगेच कबूल केलं. "राग आला होता, मॅडम. येणार नाही का? पण चोरी? काय यार!"

"बरं. तो खण जरा रिकामा करून दे मला."

त्याने खण अख्खा बाहेर ओढला, उलटा केला, हलवला. कार्डं पडेनात. मग तो एक कार्ड धरून ओढायला लागला.

"अरे मेल्या, फाटेल!" मी ओरडले.

"मग ही सळी निघते कशी?" तो घामाघूम झाला होता. नाटक करणारी माणसं इतकी घामेजत नाहीत. मी त्याला सोडला.

दुसरे प्राचार्य देवेश म्हात्रे. लायब्ररीच्या जागी त्यांना व्हिडिओ स्टुडिओ करायचा आहे, आणि हे कपाट भंगारात काढायचं ते सहा महिने म्हणतायत.

"परुळेकर मॅडम, मी गुरुवार-शुक्रवार पनवेलला ट्रेनिंगला होतो. आणि मला काढायचं असतं तर मी कपाटच काढलं असतं ना! वेचून वेचून कार्डं कशाला काढीन?"

माणूस मला आवडत नाही, पण बोलला ते खरं.

राहिला अंबादास. किल्ली त्याच्याकडे. तीस वर्षं हे कपाट तोच पुसतो, सळी त्याला डोळे मिटून काढता येते.

"गुरुवारी लायब्ररी उघडी होती?"

"व्हय, मॅडम. पेपर वाचायला उघडतो की दहा ते पाच."

"कोणी आलं होतं?"

"बाहेरचं कोणीच नाही." त्याने गळ्याला चिमटा घेतला. "माझ्या नातवाची शपथ. बाहेरचं एक चिटपाखरू नाही."

साडेअकरा वाजले. माधुरी सारखी सरांना फोन लावत होती. सरांचा फोन बंद होता.

४

"कार्डं मोज," मी माधुरीला म्हणाले.

तिने मोजली. एकशे एक्कावन्न. म्हणजे एकसष्ट गेली. प्रत्येक खणाच्या सुरुवातीला सरांच्या अक्षरातली यादी आहे: नंबर, नाव, चाळ. मी यादीवर पेन्सिलने गेलेल्या नंबरांना खुणा करत गेले. चार, नऊ, दहा, सतरा. काही सूत्रच दिसेना. मग मी नंबर सोडून नावं वाचली.

पार्वती. शेवंता. हौसा. लीलावती.

"माधुरी, या सगळ्या बायका आहेत."

तिने यादी हिसकावून घेतली. वरून खाली, खालून वर. एकही पुरुष गेला नव्हता आणि एकही बाई राहिली नव्हती.

"बायकांचीच कार्डं कोणाला हवी असतील, बाई?"

डोकं चालेना की मी उठून येरझाऱ्या घालते, ही जुनी खोड. टेबलाला वळसा घालताना मी त्यावर हात टेकला, आणि परत तेच. टेबल हललं नाही.

तेहेतीस वर्षं जे टेबल सुताराला बधलं नाही, ते आपोआप सुधारलं? मी गुडघे धरून खाली वाकले. एका पायाखाली घडी घातलेला खाकी पुठ्ठा होता.

"अंबादास! हे काय आहे?"

"ते होय? काल खण पुसताना कार्डांच्या मागे पडलेलं मिळालं. पुठ्ठ्याचं जुनं पाकीट. म्हटलं, टाकण्यापेक्षा टेबलाखाली सारू."

मी त्याला टेबल उचलायला लावलं, पाकीट उलगडलं आणि तिथेच जमिनीवर बसले.

५

आजच्या पोरांना हे माहीत नाही. पूर्वी प्रत्येक वाचकाला पुठ्ठ्याचं पाकीट-तिकीट असायचं. पुस्तक न्यायचं तर आपलं तिकीट ठेवून जायचं, पुस्तक आणलं की तिकीट परत. माझ्या लायब्ररीत मी हा नियम कपाटांनाही लावला होता: कपाटातून काहीही काढलंत, तर त्या जागी तिकीट ठेवा. प्राचार्य असो की पाहुणे. त्यावरून लोक मला मागे काय काय म्हणायचे, ते मला ठाऊक आहे.

तिकिटावरचं नाव पुसलं होतं. नंबर राहिला होता. सदतीस.

"बाई, कोणाचं?"

"चोरी करायला आला आणि सवयीने तिकीट ठेवून गेला!" मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "असा चोर साऱ्या मुंबईत एकच. साळवे सर."

"पण अंबादास म्हणाला..."

"बाहेरचं कोणी आलं नाही, असं म्हणाला. काय रे अंबादास, गुरुवारी सर आले होते?"

"ते तर दर गुरुवारी येतात, पेपर वाचायला." अंबादास गोंधळला. "साळवे सर बाहेरचे कुठे, मॅडम?"

माधुरी खुर्चीत बसली. "स्वतःचीच कार्डं? मागितली असती तर मी घरी नेऊन दिली असती. आणि फक्त बायकांची?"

तेच तर. मी डोळे मिटले आणि सरांना आठवलं. चौऱ्याऐंशीतले सर. उंच, सडपातळ, आणि बाईमाणसापुढे इतके लाजरे की माझ्याकडे पुस्तक मागतानाही नजर टेबलावर. असा माणूस भरदुपारी परक्या चाळीत जाऊन एकसष्ट बायकांना घरचं विचारतो? आणि त्या बायका सांगतात? छे! तेव्हा का लक्षात आलं नाही माझ्या?

मग दुसरं आठवलं. त्याच वर्षी सर या सदतीस नंबरवर प्रौढ साक्षरतेची पुस्तकं न्यायचे. मोठी अक्षरं, कमळ आणि बदकाची चित्रं. मी चिडवायचे, "सर, पीएच.डी. करताय की अक्षरओळख?" सर लाजून हसायचे, सांगायचे नाहीत.

ती पुस्तकं सरांसाठी नव्हती.

"अंबादास, सुंदराबाई खरात कुठे राहते रे?"

सुंदराबाई आमच्या कॉलेजात झाडू मारायची, पाणी भरायची. रोज सरांबरोबर निघायची, आम्हाला वाटायचं वाट एकच आहे म्हणून. एकदा पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता तिने मला विचारलं होतं, "बाई, मला मिळंल का एक तिकीट?" मी म्हणाले होते, "सफाईवाल्यांना नाही देता येत. नियमात बसत नाही." ती बरं म्हणाली आणि फडकं पिळायला गेली. चाळीस वर्षांत मला हे एकदाही आठवलं नव्हतं. त्या दिवशी आठवलं, आणि लाज वाटली. स्वतःची.

"कन्नमवारनगरात," अंबादास म्हणाला. "तिनेच तर मला इथे चिकटवलं. नातीच्या लग्नाला गेलो होतो की मी."

सरांच्या मुलाला, विशालला, चेंबूरला फोन लावला. "काकू, काल आणि आज, दोन्ही दिवस बाबा सकाळीच पिशवी घेऊन निघालेत. कुठे जाता विचारलं तर म्हणतात, राहिलेलं काम आहे."

घड्याळात साडेबारा वाजले होते.

६

कन्नमवारनगरच्या त्या तळमजल्याच्या खोलीचं दार उघडंच होतं. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर कार्डांच्या दोन चवडी. भिंतीला टेकून साळवे सर, मांडीवर भिंग. समोर सुंदराबाई. केस पांढरे झालेले, हातात बॉलपेन घट्ट धरलेलं.

"या, परुळेकर," सर म्हणाले, जणू माझीच वाट बघत होते. "तिकीट मिळालं ना? ठेवलं होतं मी."

"मिळालं! टेबलाखाली मिळालं! सर, आज तीनला समिती आहे!"

सरांचा चेहरा उतरला. "सोमवारी ना?"

"आज, सर," माधुरी म्हणाली. ती रागावणार होती, पण तिने एक कार्ड उचललं आणि उजेडाकडे धरलं. कार्डाच्या कोपऱ्यात थरथरत्या, मोठ्या अक्षरांत सही होती: सुंदराबाई खरात.

सर हळूहळू बोलले. "प्रस्तावावर मी चष्म्याशिवाय सही केली. तू ठेवून गेलेली प्रत मग वाचली. पान चार. सर्व मुलाखती प्रा. साळवे यांनी घेतल्या. माधुरी, मी दारात उभा राहिलो की बायका पदर ओढून आत जायच्या. ही आत जायची, चुलीपुढे बसायची, विचारायची. लिहिता येत नव्हतं, म्हणून सगळं ऐकून ठेवायची आणि रात्री मला शब्दाला शब्द सांगायची. मी फक्त लिहिलं. प्रबंधात तिचं नाव घालतो म्हटलं, तर माझे मार्गदर्शक म्हणाले, झाडूवाल्या बाईच्या मुलाखती विद्यापीठ मानणार नाही. मी ऐकलं. पदवी मिळाली, सत्कार झाला, शाल मिळाली. त्या शालीने मला कधी ऊब दिली नाही."

"मग फोन करायचा होता ना, सर!"

"तू म्हणाली असतीस, आता राहू द्या, मुदत जवळ आलीय. मी तेव्हा हेच ऐकलं होतं."

माधुरी तसंच म्हणाली असती.

"पण सह्यांना दोन दिवस?" मी विचारलं.

"ही वाचून दाखवल्याशिवाय सही करत नाही."

"मंग?" सुंदराबाई फणकारली. "न वाचता सही करायला मी काय सायब हाय? एकेक बाई डोळ्यांपुढं येती. थांबावं लागतं थोडं. अजून तीन ऱ्हायल्यात."

"वेळ नाहीये, आजी," माधुरी म्हणाली. "तुम्ही चला आमच्याबरोबर."

७

समितीत तिघं होते. अध्यक्षबाईंनी चष्मा नाकावर घेतला, चार कार्डं बघितली आणि थांबल्या.

"ही शाई ताजी आहे. मूळ कार्डांवर कोणी लिहिलं?"

म्हात्रे सर माधुरीकडे बघून भुवया उडवायला लागले. लायब्ररीची खूण आहे म्हणून सांगितलं असतं तर खपलंही असतं. माधुरी उभी राहिली.

"मॅडम, माझ्या प्रस्तावातलं पान चार चुकीचं आहे. मला माहीत नव्हतं, पण सही माझी आहे. यातल्या बायकांच्या मुलाखती सरांनी घेतलेल्या नाहीत. या सुंदराबाईंनी घेतल्यात. आणि सही न झालेली तीन कार्डं अजून त्यांना वाचून दाखवायची राहिलीत."

सुंदराबाई दाराशी, चपला बाहेर काढून उभी होती. अध्यक्षबाईंनी त्या तीन कार्डांपैकी एक उचललं.

"नंबर एकशे अठरा. हौसा. सांगा, काय म्हणाली होती?"

सुंदराबाईने डोळे मिटले. चाळीस वर्षं!

"हौसा पाण्याच्या टाकीजवळची," ती म्हणाली. "चौथीपर्यंत शिकली. म्हणाली, मास्तर चांगला होता, पन परीक्षेची येळ आन नळाची येळ एकच. परीक्षा पुढच्या वर्साला बी येती, पानी उद्यापतुर येत न्हाई. घरात सात मानसं. मी हंडा घेऊन गेले. तवापासून शाळंची घंटा झाली की मला नळच आठवतो."

अध्यक्षबाईंचं बोट कार्डावरून ओळीओळीने सरकत होतं. शेवटच्या ओळीवर ते थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"शब्द न् शब्द," त्या म्हणाल्या. "बसा बाई. इथे, खुर्चीवर. इंगळे मॅडम, पान चार नव्याने लिहून द्या. यांचं नाव घालून. आजच."

शौनकने धावत जाऊन लॅपटॉप आणला, पान टाईप करून दिलं. पोरगा वाईट नाही, मला वाटलंच होतं.

दीड महिन्याने पत्र आलं. अनुदान मंजूर. माधुरीची मान्यता पाठोपाठ आली. पत्रात सुंदराबाईचं नाव सरांच्या शेजारी, त्याच ओळीत छापलं होतं. माधुरीने पत्राची प्रत सरांना चेंबूरला नेऊन दिली. विशाल म्हणाला, बाबा त्या दिवशी शाल पांघरून बसले होते.

कपाट भंगारात गेलं नाही. मी माझ्या जुन्या ड्रॉवरमध्ये शोधाशोध केली आणि शेवटचं एक कोरं खाकी तिकीट मिळालं. त्यावर शाईच्या पेनाने नाव घातलं आणि सुंदराबाई आली तेव्हा तिच्या हातात दिलं.

"आता कशाला, बाई?" ती हसली. "आता तर नजर बी गेली."

"घे गं. नियमात बसतं."

तिने नाव दोनदा वाचलं, बोट फिरवून. मग खणाशी गेली आणि शेवटचं कार्ड कुठलं म्हणून विचारलं. नंबर दोनशे बारा. सुंदराबाई खरात, शाळेत कधीच गेली नाही. बायकांतली एकच मुलाखत सरांनी खरोखर स्वतः घेतली होती, ती हिची.

"हे एक घरी नेऊ का? नातीकडून वाचून घ्यायचंय."

मी बोंडूक फिरवून सळी काढली. तिने कार्ड उचललं, त्या जागी आपलं तिकीट ठेवलं, नीट सरळ केलं, आणि मी सळी परत बसवली.